बेळगावहून परदेशी निघताना: मुलं घरी शिकत असतील तर आधी काय पाहायचं

उद्यमबागेतला डिझाइन इंजिनिअर जर्मनीला जातो, इथल्याच नर्सिंग कॉलेजात शिकलेली सिस्टर आयर्लंडला जाते, कुणाला न्यू जर्सीची ऑफर येते, कुणाला दुबईची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून बिऱ्हाड हलतं तेव्हा पगार किती, भाडं किती, थंडी किती, तांदूळ-डाळ कुठे मिळेल, सगळ्याची चौकशी होते. मुलं घरी शिकत असतील तर मात्र एक प्रश्न बहुतेक वेळा तिकिटं काढून झाल्यावर पुढे येतो: तिथे मुलांना घरी शिकवलेलं चालतं का?

हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. काही देशांत तो एक फॉर्म भरण्यापुरता विषय आहे. काही देशांत अधिकारी वर्षातून एकदा येऊन पाहतो, बोलतो, नोंद करून जातो. आणि काही देशांत घरी शिकवणं हा सरळ कायदेभंग आहे, दंडापासून कोर्टापर्यंत जाणारा. नोकरी लागली, सामान गेलं, घरभाड्याचा करार झाला आणि मग हे कळलं, तर त्या ताणाचा सगळा भार मुलांवर पडतो. तो टाळता येतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इथली सवय सोडायची

आपल्याकडे होमस्कूलिंगचं कुणी फारसं विचारत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क तो देतो. त्याचं कलम १० मुलाला शाळेत घालण्याची जबाबदारी पालकांवर टाकतं, पण ती पाळली नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही, ना परवानगी ना बंदी. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आलेले गुरुजी दोन प्रश्न विचारतात, शेजारच्या मावशी ‘पोरगं शाळेला का जात नाही गं?’ म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो.

याचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. कुणी विचारत नाही म्हणून आपण काही लिहून ठेवत नाही. मूल भरपूर शिकलेलं असतं, पण त्याचा कागद एकही नसतो.

बाहेर बहुतेक ठिकाणी उलटं आहे. तुम्ही पत्ता नोंदवला की त्या घरात शाळेच्या वयाचं मूल आहे हे नगरपालिकेला कळतं, आणि ते मूल कुठे शिकतं याची चौकशी होते. चौकशी म्हणजे संशय नव्हे. त्या माणसाचं ते नेमलेलं काम आहे आणि तुमच्याकडे द्यायला सरळ उत्तर असलं की बहुतेक वेळा तिथेच भागतं. ‘आमच्या ओळखीतले तिथे करतात, काही होत नाही’ या भरवशावर मात्र जाऊ नका. ओळखीतल्यांचा व्हिसा वेगळा असतो, राज्य वेगळं असतं, मुलांची वयं वेगळी असतात.

कुठे चालतं, कुठे नाही

जर्मनीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडचे इंजिनिअर तिकडेच सर्वाधिक डोळे लावून असतात आणि घरी शिकवण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक देशांपैकी तो एक आहे. तिथे ‘शूलफ्लिश्ट’ आहे, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष हजर राहण्याची सक्ती. साधारण सहाव्या वर्षापासून ती लागू होते आणि परदेशातून राहायला आलेल्या मुलांनाही लागू होते. घरी उत्तम शिकवता, परीक्षा देऊन दाखवता, असं म्हणून सुटका नाही. मुलाच्या दीर्घ आजारपणासारखे मोजके अपवाद सोडले तर पर्याय एकच, मान्यताप्राप्त शाळा. काही पालकांनी हा वाद युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला. कोनराड कुटुंबाचा निकाल २००६ मध्ये आला आणि वुंडरलिश कुटुंबाचा २०१९ मध्ये. दोन्ही वेळा न्यायालयाने जर्मनीची बाजू उचलून धरली. वुंडरलिश प्रकरणात तर २०१३ मध्ये मुलं काही आठवडे पालकांपासून दूर ठेवली गेली होती. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण ‘जाऊन बघू, काहीतरी मार्ग निघेल’ असं मनात असेल तर जर्मनीपुरतं ते आत्ताच काढून टाका.

स्वीडनमध्ये २०१० च्या शिक्षण कायद्यानंतर अगदी असाधारण कारण असेल तरच परवानगी मिळते आणि पालकांचं तत्त्व किंवा पसंती हे तसं कारण धरलं जात नाही. फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे. तिथे पूर्वी नुसतं कळवलं की पुरत असे. २०२१ च्या कायद्यानंतर, २०२२ च्या शैक्षणिक वर्षापासून दरवर्षी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक कारणांसाठीच मिळते. ऑस्ट्रियात घरी शिकवता येतं, पण आधी कळवावं लागतं आणि वर्षाअखेरीस मुलाला शाळेत जाऊन परीक्षा द्यावी लागते. जर्मन बोलणारे दोन शेजारी देश आणि नियमात इतकं अंतर, म्हणून ‘युरोपात चालतं का’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ पालकांना शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकवण्याची मोकळीक देतं. मुलाचं वय, कुवत आणि कल पाहून पूर्ण वेळ योग्य शिक्षण मिळालं पाहिजे, एवढी अट. तिथल्या शाळेत कधी नावच घातलं नसेल तर नाव काढण्याचा प्रश्न येत नाही. स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेत घातलेलं मूल काढायचं असेल तर स्थानिक प्रशासनाची संमती लागते. म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी ‘दोन महिने शाळेत घालून बघू, नाही जमलं तर काढू’ हा विचार करण्याआधी थांबावं. इंग्लंडमध्येही शाळेबाहेरच्या मुलांची नोंदवही सक्तीची करण्याच्या दिशेने कायदा पुढे सरकला आहे, तेव्हा निघण्याच्या महिन्यात सरकारी संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा.

आयर्लंड आपल्या नर्स भगिनींच्या दृष्टीने महत्त्वाचं. घरी शिक्षण देण्याचा पालकांचा हक्क तिथे राज्यघटनेच्या ४२ व्या कलमातच आहे. मात्र ६ ते १६ वयाच्या मुलाची नोंद ‘तुस्ला’ या सरकारी संस्थेकडे करावी लागते. अर्ज केल्यावर मूल्यमापन करणारी व्यक्ती पालकांशी बसून बोलते, काय शिकवता, कसं शिकवता, वेळ कसा जातो, हे विचारते आणि अहवाल देते. किमान शिक्षण मिळतं आहे अशी खात्री झाली की नोंद होते. घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला मला ही पद्धत सगळ्यात सरळ वाटते. नियम आहे, पण तो समजतो आणि पाळता येतो.

अमेरिकेत पन्नासही राज्यांत परवानगी आहे आणि पन्नासांचे नियम वेगळे. निपाणी सोडून कागल लागलं की पाठ्यपुस्तक बदलतं, बोर्ड बदलतं, पहिली भाषा बदलते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे राज्याची हद्द ओलांडली की तसंच होतं. न्यू जर्सीत आधी कळवण्याचीही सक्ती नाही. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये मात्र हेतूचं पत्र, वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाअखेरीचं मूल्यमापन, एवढं सगळं लागतं. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र, लसीकरणाची माहिती आणि मुलाच्या कामाची फाइल. टेक्सासमध्ये जवळजवळ काहीच नाही. नोकरीत दोन शहरांचा पर्याय असेल तर हा फरक जमेस धरा.

कॅनडातही प्रांतागणिक नियम. ओंटारिओत शाळा मंडळाला दरवर्षी पत्र दिलं की सहसा भागतं, क्वेबेकमध्ये शिक्षणाचा आराखडा आणि मूल्यमापन लागतं. ऑस्ट्रेलियात राज्याकडे नोंदणी करावी लागते. न्यूझीलंडमध्ये ६ ते १६ वयाच्या मुलासाठी शिक्षण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि शाळेइतकंच नियमितपणे व नीट शिकवू हे लिहून पटवून द्यावं लागतं. सिंगापूरचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा फक्त तिथल्या नागरिकांना लागू आहे.

आखाती देशांत आपली बहुतेक मंडळी मुलांना सीबीएसईच्या भारतीय शाळांतच घालतात. घरीच शिकवायचं असेल तर प्रश्न पुढच्या परीक्षेचा असतो, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक गोष्ट सगळ्या देशांना लागू. व्हिसाच्या अटी आणि शिक्षणाचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा परवानगी देत असेल आणि व्हिसाची अट मुलांच्या शाळेबद्दल काही वेगळं म्हणत असेल, असं होऊ शकतं. विद्यार्थी व्हिसावर कुटुंब नेणाऱ्यांनी हे नक्की तपासावं. तुम्ही राहणार त्या नगरपालिकेच्या किंवा शिक्षण मंडळाच्या पत्त्यावर एक साधा ईमेल लिहा: आम्ही अमुक महिन्यात येणार, मुलांची वयं ही, व्हिसा हा, घरी शिकवत आलो आहोत, तुमच्याकडे काय करावं लागेल? उत्तर आलं की छापून फाइलला लावा. कन्सल्टंटने फोनवर सांगितलेलं कुठेही दाखवता येत नाही, हे पत्र दाखवता येतं.

कागदपत्रं: सीमाभागातल्या खास अडचणी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावचं आणि माहेर गडहिंग्लजचं, चंदगडचं किंवा कोल्हापूरचं असेल तर मोठ्या मुलाचा जन्मदाखला महाराष्ट्राचा असतो आणि धाकट्याचा कर्नाटकाचा. एकाच घरातली दोन मुलं, दोन राज्यांचे दाखले. परदेशी वापरासाठी दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मानला जाणारा सरकारी शिक्का, घ्यायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाआधी राज्य पातळीवरची पडताळणी लागते, आणि ती दाखला देणाऱ्या राज्याची. म्हणजे एका मुलाचा कागद एका वाटेने जाणार, दुसऱ्याचा दुसऱ्या. हे काम दोन महिने आधी सुरू करा. जुना, हाताने लिहिलेला दाखला असेल तर आधी त्याची नवी संगणकीय प्रत काढा. कर्नाटकाच्या दाखल्यावर नुसता कन्नड मजकूर असेल किंवा महाराष्ट्राच्या दाखल्यावर नुसता मराठी, तर इंग्रजी मजकूर असलेली प्रत मागा.

दुसरी अडचण शहराच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदोपत्री ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. त्यामुळे आईच्या पासपोर्टवर जन्मस्थळ जुन्या नावाने, मुलाच्या दाखल्यावर नव्या नावाने, असं घरोघरी आहे. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटतात, त्यात त्याचा दोष नाही. दोन्ही नावं एकाच शहराची आहेत असं साधं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून नोटरी करून ठेवा. नावाच्या स्पेलिंगचंही तेच. कन्नड पद्धतीच्या नोंदीत वडिलांचं नाव आद्याक्षरात, मराठी पद्धतीत पूर्ण, आडनाव कधी पुढे कधी मागे. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. मुदत जवळ आली असेल तर इथूनच नवा करून जा.

अपॉस्टिल सगळीकडे चालत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांचं अपॉस्टिल मानतात, त्यात भारत २००५ मध्ये आला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतली असल्याने तिथे आपल्या कागदांची वेगळी पडताळणी लागते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाचा शिक्का लागतो. कॅनडा २०२४ मध्ये करारात आला. आपला देश कोणत्या रांगेत बसतो ते पाहूनच एजंटला पैसे द्या.

मूल एखाददुसरं वर्ष शाळेत गेलं असेल तर टीसी, प्रगतिपुस्तक आणि शाळेने दिलेला नोंदणी क्रमांक मिळवून ठेवा. शाळेत कधीच गेलं नसेल तर टीसी कुठून आणायची याची काळजी नको. ‘हे मूल अमुक वर्षापासून घरी शिकत आहे’ असं दोन्ही पालकांच्या सहीचं इंग्रजी निवेदन पुरतं. ओळखीच्या शाळेतून खोटी टीसी मात्र कुणी कितीही प्रेमाने देऊ केली तरी घेऊ नका. पुढे प्रश्न विचारला गेला की त्या एका कागदापायी बाकीचे सगळे खरे कागद संशयात येतात.

लसीकरणाचं कार्ड पहिल्या फाइलमध्ये ठेवा. आरोग्य केंद्रातलं पिवळं पडलेलं, कन्नडात नोंदी असलेलं कार्ड असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत तारखांसह उतरवून, सही-शिक्का घेऊन जा.

वही: हीच तुमची शाळा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि निघायला सहा महिने असतील तर पुरेसा वेळ आहे. प्रत्येक मुलासाठी एक वही करा. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून दोन-तीन नोंदी पुरतात. तारीख, काय केलं, त्यातून काय शिकलं, मुलाचं स्वतःचं काम.

समजा, हंगामात मुलगी मामाबरोबर गुऱ्हाळावर गेली. घरी येऊन तिने काहिलीचं चित्र काढलं, रस उकळताना वर येणारी मळी कशी काढतात, त्यासाठी भेंडीचं पाणी कसं घालतात, हे मराठीत आठ ओळींत लिहिलं. एक टन उसाचा साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो असं गुळव्याने सांगितलं, त्यावरून तिने टक्केवारी काढली. त्याच्याशी ती कन्नडात बोलली, कारण त्याला मराठी येत नव्हतं. आता याची नोंद तुम्ही इंग्रजीत तीन ओळींत करायची. विज्ञान: बाष्पीभवन, अशुद्धी वेगळी करणे. गणित: गुणोत्तर, टक्केवारी. भाषा: मराठीत वर्णन, कन्नडात मुलाखत. मुलीचं पान, चित्र आणि एक फोटो सोबत लावायचा. तिच्या मराठी लिखाणाचं भाषांतर करू नका, खाली इंग्रजीत एक ओळीचा सारांश लिहा. मूळ पान तसंच राहू द्या, त्यातल्या खाडाखोडीसकट, कारण तपासणाऱ्याला मुलाचं खरं काम पाहायचं असतं.

अशा नोंदी आपल्या भागात मुबलक सापडतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छतातलं दगडी कमळ पाहून काढलेलं भूमितीचं चित्र हे इतिहासही आहे आणि सममितीही. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये वीज तयार झाली होती, तिथून घटप्रभेचा नकाशा आणि ऊर्जेचा धडा दोन्ही निघतात. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढणं शारीरिक शिक्षणातही लिहा. नियमित क्रम दिसावा म्हणून गणिताचं एक पुस्तक आणि इंग्रजी वाचनाची यादी मात्र सलग ठेवा, कारण नुसत्या सहली पाहून कुणाचं समाधान होत नाही. आणि एकाच विषयाचे तीन-चार महिन्यांच्या अंतराने केलेले दोन नमुने शेजारी शेजारी लावा. मुलाची प्रगती त्यातून जशी दिसते तशी गुणपत्रिकेतूनही दिसत नाही.

वही स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत हातातल्या बॅगेत.

पोचल्यावर

पत्त्याची नोंदणी वेळेत करा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. जिथे घरी शिकवण्यासाठी नोंद किंवा अर्ज लागतो तिथे ‘जरा स्थिरस्थावर होऊ’ म्हणून थांबू नका. आपण होऊन आलेला माणूस आणि पत्र पाठवून बोलवावा लागलेला माणूस, यांच्याकडे कुठलंही ऑफिस वेगळ्या नजरेने पाहतं.

अधिकारी भेटीला आला तर वही पुढे ठेवा आणि मुलांना त्यांच्या कामात राहू द्या. उत्तरं पाठ करून घेऊ नका. मूल लाजून गप्प बसलं तरी काही बिघडत नाही, आठ-नऊ वर्षांचं मूल अनोळखी इंग्रजी उच्चारांपुढे गप्प बसणारच. इंग्लंडमध्ये अधिकाऱ्याला घरात घेण्याची सक्ती नाही, पण त्याच्या पत्राला उत्तर न देणं शहाणपणाचं नाही. समाधानकारक माहिती मिळाली नाही तर मुलाला शाळेत घालण्याचा आदेश काढण्याची वाट कायद्याने त्यांना ठेवली आहे. लेखी, मोजकं आणि नमुन्यांसह उत्तर द्या.

कुठल्याही फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ हा प्रश्न असतो. तिथे मराठी लिहा, मुलाला कन्नड येत असेल तर तेही लिहा. मूल मागे पडलेलं वाटेल या भीतीने अनेक पालक इंग्रजी लिहितात, आणि त्यामुळे भाषेची जी जादा मदत मुलाला हक्काने मिळाली असती ती हातची जाते.

आणखी एक नियम, जो शिक्षणाच्या कायद्यात नाही पण तुमच्या घराला तितकाच लागू आहे. मुलाला मारणं, अगदी एक चापट मारणंही, स्वीडनमध्ये १९७९ पासून, जर्मनीत २००० पासून, न्यूझीलंडमध्ये २००७ पासून, आयर्लंडमध्ये २०१५ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०२० पासून कायद्याने बंद आहे. घरी शिकणारं मूल दिवसभर आपल्याजवळ असतं, आपलीही चिडचिड होते. आजी-आजोबा राहायला येणार असतील तर त्यांनाही हे आधी शांतपणे सांगा.

शाळेत घालावंच लागलं तर

जर्मनी, स्वीडनला जाणाऱ्यांनी हे गृहीतच धरायचं. मुलाला इथूनच सांगा, आणि खरं कारण सांगा: त्या देशाचा नियम आहे. ‘तू नीट शिकत नाहीस म्हणून’ असं त्याच्या मनात चुकूनही जाऊ देऊ नका.

जर्मनीत नवख्या मुलांसाठी भाषा शिकवणारे तयारी वर्ग असतात, गावागावांत त्यांची नावं वेगळी. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि त्यानंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहा वर्षांची. तुमचं मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण भाषा जेमतेम येत असतानाच त्याची वाट ठरवली जाऊ शकते. अशा वयात जमल्यास एक वर्ष लवकर जा, नाहीतर इथे असतानाच जर्मनचे धडे सुरू करा. वडील आधी जातात आणि आई-मुलं व्हिसाची वाट पाहत मागे राहतात, ते महिने यासाठी सोन्यासारखे आहेत. मोकळ्या पद्धतीची शाळा हवी असेल तर वाल्डॉर्फ आणि माँटेसरी शाळा पाहा, पण जागा कमी आणि फी वेगळी, म्हणून आधीच लिहा.

घरी शिकलेल्या मुलाला अभ्यास क्वचितच जड जातो. जड जातं ते घंटेवर विषय बदलणं, लघवीला जायला हात वर करणं, पंचवीस जणांच्या गोंगाटात बसणं. निघण्याआधी काही आठवडे घरात थोडं वेळापत्रक लावा. मुलाला एखाद्या बालवाचनालयात, चित्रकलेच्या क्लासला किंवा कबड्डीला रोज ठरल्या वेळी पाठवलं तरी सराव होतो. तिथल्या अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात, म्हणजे तुमची वही, तुमचं वाचन, तुमचे प्रयोग बंद पडायचं कारण नाही. शाळेबाहेरच्या वेळेत घरी काय शिकवावं यावर कुणाची बंदी नाही.

सुट्टीचं आधी पाहून घ्या. शाळा चालू असताना परवानगीशिवाय मूल घेऊन गणपतीला गावी आलात तर जर्मनीत दंड होऊ शकतो. उन्हाळी सुट्टी राज्यागणिक वेगळी असते. बव्हेरियात ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे तिथे काही वर्षी गणपती सुट्टीतच येतो. इतर ठिकाणी मुख्याध्यापकांना आधी लेखी विचारा.

परतीची वाट उघडी ठेवा

करार संपतात, आई-वडील थकतात, माणसं परत येतात. मूल चौदाच्या आत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ त्याला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क देतं, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष शिकवणीचाही. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापक अडले तर हे नम्रपणे दाखवा, तरीही अडले तर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, यांचं ऑफिस. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, आपलं गाव कोणत्यात येतं ते पाहून जा.

चौदा पूर्ण झालेल्या मुलासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा भरवशाचा रस्ता आहे. दहावीला किमान वय १४, पाच विषय पुरतात, त्यात एक भाषा हवीच. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षं टिकतो, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय देत पुढे जाता येतं. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, आणि आखाती देशांत काही शहरांत केंद्रं आहेत. त्याआधीच्या वयासाठी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे त्यांचे अ, ब, क स्तर आहेत. इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते, फी आणि केंद्र शोधणं मात्र आपल्याकडे.

कन्नड सुटू देऊ नका. कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं २०१५ च्या कायद्याने आवश्यक केलं आहे, आणि चार वर्षांनी परतलेलं मूल अक्षरं विसरलेलं असेल तर सातवी-आठवीत त्याला फार जड जातं. मराठीसाठी अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा आहेत, इतरत्र स्थानिक मंडळं आहेत. बऱ्याच शहरांत कन्नड कूटही असतात, तिथेही जात जा, आपल्या भागाची माणसं दोन्हीकडे भेटतात. आठवड्यातून एक पान मराठीत आणि एक कन्नडात, हाताने लिहिलेलं, आजीला फोटो काढून पाठवायचं. तेच पान वहीत लावायचं.

परदेशातल्या प्रत्येक वर्षाचं नोंदणीपत्र, मूल्यमापनाचा अहवाल किंवा शाळेचं प्रगतिपत्रक त्याच वर्षी स्कॅन करून ठेवा आणि एक प्रत बेळगावच्या घरी ठेवा. एकदा घर सोडून दुसऱ्या देशात गेलात की जुन्या नगरपालिकेकडून हे कागद मिळवायला महिने जातात, आणि इथे जूनमध्ये वर्ग सुरू झालेले असतात.